रेडिओतली गोधडी

“हात काढा की आण्णा,” विश्वा म्हणाला. “रेडिओ उचलायचाय.”

आण्णांनी हात काढला नाही. खिडकीखालच्या स्टुलावर तो जुना लाकडी पेटीचा रेडिओ घरघरत होता, आणि त्याच्या माथ्यावर आण्णांचा उजवा तळवा पसरलेला होता. त्यावर स्टेशन लागेनासं होऊन जमाना झाला होता. डायलची काच पिवळी पडली होती, कोपऱ्यातला हिरवा डोळा तेवढा मिणमिणत होता. आण्णा खिडकीबाहेर बघत बसले होते. ऐकून न ऐकल्यासारखं करणं ही आमच्या आण्णांची जुनी खोड, त्यामुळे आम्हा दोघांना त्यात नवल वाटलं नाही. मीच पुढं होऊन त्यांच्या समोर उभी राहिले आणि रेडिओकडं बोट दाखवलं.

“कुठं न्हेताय?” आण्णांनी विचारलं.

“माझ्याकडं, सांगलीला. ह्यात ब्लूटूथ घालते. मग विश्वाच्या मोबाइलवरची गाणी ह्याच्यातनं वाजतील. तुमच्या पंच्याहत्तरीला परत आणून ठेवते.”

आण्णांनी माझ्या तोंडाकडं टक लावून बघितलं. मग मान हलवली. “चालू मशीन उघडू न्हाई, जया. धंद्याचा नियम हाय.”

“चालू कुठं आहे? नुसतं घरघरतंय की!”

“मला चालतंय,” ते म्हणाले.

म्हाताऱ्या माणसाचा हट्ट म्हणून आम्ही तिकडं लक्ष दिलं नाही. मी प्लग काढला. घरघर थांबली तशी आण्णांनी आपणहून हात उचलला, मांडीवर ठेवला आणि परत खिडकीबाहेर बघायला लागले.

ही गोष्ट बरीच जुनी आहे. ब्लूटूथ हा शब्द तेव्हा आमच्याकडं नवा होता आणि लोक तो नाना तऱ्हांनी उच्चारायचे. आण्णांना मात्र विट्यापासून आसपासच्या खेड्यापाड्यांत सगळे ओळखायचे. गुरव स्पीकरवाले. लग्न असो, बारसं असो, उरूस असो नाहीतर निवडणुकीची सभा, गुरवांचे कर्णे आल्याशिवाय मांडवाला मांडवपण यायचं नाही. कुणाच्या तरी आंब्यावर एक कर्णा, देवळाच्या शिखराजवळ एक, शाळेच्या कौलावर एक. खाली घोंगडीवर मशीन, तबकड्यांची पेटी आणि आण्णा. हरेक स्पीकरवाल्याची सुरुवातीची एक ठरलेली तबकडी असायची. आण्णांची सनई-चौघड्याची होती. ती वाजली की बायका घरात म्हणायच्या, आवरा गं, गुरवानं सुरू केलं.

लहानपणी मी त्यांच्याबरोबर हिंडायचे. तबकडी लावली की ते मशीनपाशी थांबत नसत. उठून एकेका कर्ण्याखाली जात, शिडी लावत आणि कर्ण्याच्या मागच्या युनिटवर तळहात ठेवत. मी एकदा विचारलं, वाजतंय तर खरं, मग हात कशाला?

“एका कर्ण्याखाली हुबं ऱ्हायलं की दुसरा वाजतोय का मेलाय ते कळत न्हाई,” ते म्हणाले होते. “कान फसतोय. हात फसत न्हाई.”

म्हणून रेडिओवर हात ठेवून बसलेले आण्णा बघून आम्हाला कधी काही वाटलं नाही. सुताराचा हात फळीवर जातो, गवळ्याचा हात म्हशीच्या पाठीवर जातो, तसंच ते.

विश्वानं रेडिओ जुन्या चादरीत गुंडाळून टेम्पोत ठेवला आणि मला सांगलीला सोडायला निघाला. टेम्पोच्या काचेवर मोठ्या झगमगीत अक्षरांत ‘विश्वजित साउंड’ लिहिलेलं होतं. दोन वर्षांपूर्वी आण्णांनी धंदा त्याच्या हाती दिला. कर्णे माळ्यावर गेले आणि माणसाच्या उंचीची काळी खोकी आली. खाली बेस, वर टॉप, अशी भिंतच्या भिंत उभी राहायची. पहिली मोठी सुपारी गणपतीच्या मिरवणुकीची होती, आणि त्या दिवशी आण्णा सकाळपासून विसर्जनापर्यंत त्या भिंतीपुढं चालले होते. पोरगा नवखा, वायरी नव्या, कुठं काही जळायला नको म्हणून. दुसऱ्या दिवशी त्यांनी गोदामाच्या किल्ल्या खुंटीला अडकवल्या आणि म्हणाले, गुडघं गेलं माझं. त्यानंतर त्यांनी गोदामात पाऊल टाकलं नाही.

गाव सोडून गाडी हमरस्त्याला लागली तसा विश्वा बोलायला लागला.

“ताई, एक इचारू?”

“विचार की.”

“आण्णा तुला कधी कायतरी म्हणलं का? माझ्या कामाबद्दल?”

“काय म्हणणार?”

“कायबी. बरं, वाईट, काय तरी.” त्यानं गिअर बदलला. “दोन वर्सं झाली. गाव म्हणतंय विश्वाचा सेट एक नंबर. कराडची पार्टी येऊन बुक करून गेली. अन् आमच्या घरात जो माणूस आवाजातलं कळणारा, त्यानं त्या मिरवणुकीनंतर ह्यावर तोंड उघडलेलं न्हाई. मी दुसऱ्या दिवशी इचारलं, आण्णा, कसं वाजलं? तर माझ्याकडं बघितलं अन् उठून परसात गेलं.”

“गुडघे दुखत असतील.”

“गुडघं!” तो हसला, पण हसू काही खरं नव्हतं. “लोक काय म्हणत्यात ठावं हाय? पोरानं बापाचं कर्णं माळ्यावर टाकलं म्हणून गुरव रुसलाय. मला तेच वाटतंय. शिव्या दिल्या असत्या तरी मी ऐकून घेतल्या असत्या गं. ही गप्प बसण्याची शिक्षा लई वाईट.”

मलाही तसंच वाटत होतं. आण्णा अलीकडं मोबाइलसुद्धा घेत नसत. मी फोन केला की आईच्या हातात देऊन म्हणत, तू बोल, मला रेंज येत न्हाई. समोर बसले की मात्र स्वतःच बोलत सुटायचे. उरुसातल्या गमती, मंत्र्याच्या सभेत उडालेला फ्यूज, कुठल्याशा नवरदेवाची वरात. दुसऱ्याला मध्ये तोंड घालायला फटच ठेवायचे नाहीत. म्हातारपणी माणूस बडबडा होतो म्हणतात, तसं असेल असं मी धरून चालले होते.

“मी ती सनई शोधून काढलीया,” विश्वा म्हणाला. “त्यांचीच तबकडी, तीच. मोबाइलवर घेतलीया. पंच्याहत्तरीला त्यांच्याच रेडिओतनं वाजवायची. बघू तरी, मग कायतरी बोलतील.”

माझ्या भावाला त्या रेडिओतून गाणं नको होतं, बापाचा एक शब्द हवा होता. तो मिळवून देणं माझ्या हातात आहे असं मला वाटलं, आणि त्या भरात मी जीव ओतून काम केलं.

सांगलीत मागच्या पडवीत माझं टेबल होतं. डिप्लोमा करून मी काही वर्षं स्टॅबिलायझरच्या कारखान्यात काढली, मग घरीच जुने रेडिओ नवे करून द्यायला लागले. पुण्या-कोल्हापूरहून लोक आजोबांचा रेडिओ घेऊन यायचे. बहुतेकांना तो दिवाणखान्यात मिरवायला हवा असायचा. आजोबा भिंतीवरच्या फोटोत आणि रेडिओ खाली कोपऱ्यात, म्हणजे घराण्याची शान राहते! अशांचं काम मी चोख करायचे, पण त्यात माझं मन नसायचं. आण्णांच्या रेडिओत होतं.

मागचं झाकण काढलं तर आत धुळीचा थर आणि पालीची अंडी. व्हॉल्व्ह, म्हणजे जुन्या रेडिओतल्या काचेच्या नळ्या, मात्र जिवंत होते. हिरवा डोळाही. मी ते काढले नाहीत, कारण व्हॉल्व्हचा गोडवा नव्या सर्किटला येत नाही. जुन्या रेडिओला मागे ग्रामोफोन जोडायची दोन भोकं असतात. काडेपेटीएवढी ब्लूटूथची पट्टी मी तिथं जोडली. आटलेले कंडेन्सर बदलले, आणि ती वर्षानुवर्षांची घरघर एका झटक्यात गेली. मग पेटी घेतली. सांधे सुटले होते, ते सरस लावून आवळले. स्पीकर लाकडाला थेट भिडलेला होता, त्यामुळे मोठा सूर लागला की सगळी पेटी खडखडायची. मी सायकलच्या ट्यूबच्या चकत्या कापून मध्ये घातल्या. तरी आतून पेटी जराशी घुमत होती. तेव्हा आईनं मला दिलेली एक विरलेली गोधडी होती, तिच्या जुन्या लुगड्यांची. ती कापून पेटीच्या आत चहूबाजूंनी चिकटवली.

चांगल्या कामाची माझी एक कसोटी होती. गाणं भरात असताना पेटीवर हात ठेवायचा. हाताला काही म्हणजे काही कळता कामा नये. सगळा आवाज पुढच्या जाळीतून बाहेर आला पाहिजे, लाकडानं मध्ये तोंड घालायचं नाही. आण्णांच्या रेडिओवर मी हात ठेवला तेव्हा तो बंद असल्यासारखा गप्प होता. आणि गाणं असं येत होतं की पडवीत शेजारीण येऊन उभी राहिली. एवढं बेश काम मी आधी केलं नव्हतं.

पंच्याहत्तरीच्या दिवशी दुपारी आईनं आण्णांना पाटावर बसवून ओवाळलं. पुरणपोळी झाली. विश्वाची बायको माहेरी गेली होती, त्यामुळे घरात आम्ही चौघंच. जेवताना आण्णांनी नेहमीसारखं आपलंच घोडं दामटलं. एका लग्नात नवरीच्या मामानं माइक कसा सोडला नाही ते सांगून स्वतःच हसले. विश्वा हां हां करत होता, पण त्याचं लक्ष स्टुलावरच्या चादरीकडं होतं.

हात धुऊन आण्णा आपल्या खुर्चीत बसले. मी चादर काढली. पॉलिश केलेली पेटी, नवी जाळी, पुसलेली काच. आण्णांनी तिला बोटं लावून बघितलं.

“झकास केलंस गं,” ते म्हणाले.

मी बटण दाबलं. व्हॉल्व्ह तापायला जरा वेळ लागतो. हिरवा डोळा हळूहळू उघडला. आण्णांचा तळवा सवयीनं पेटीच्या माथ्यावर गेला. विश्वानं मोबाइलवर बोट टेकवलं.

सनई सुरू झाली. मी स्वतः केलेलं काम, तरी माझ्या अंगावर काटा आला. मागून चौघडा आला, आणि आमचं घर एकाएकी सगळ्या जुन्या मांडवांनी भरून गेलं. आई स्वयंपाकघराच्या दारात थबकली. विश्वा आण्णांच्या चेहऱ्याकडं डोळे लावून उभा होता.

आण्णा हिरव्या डोळ्याकडं बघत होते. मग त्यांनी तळवा जरा पुढं सरकवला, जरा मागं घेतला, दाबला. आणि सनई ऐन भरात असताना खड्या आवाजात म्हणाले, “लाव की रं! कवा लावनार?”

विश्वा खो खो हसला. “ऐका! एवढ्यानं भागत न्हाई त्यांचं. मोठा करा म्हणत्यात.” त्यानं आवाज वाढवला. “आता?”

आण्णांनी त्याच्याकडं बघितलं. मग माझ्याकडं, मग आईकडं. आमच्या तोंडांवरून त्यांची नजर एखाद्या चुकलेल्या माणसासारखी फिरली. आणि दुसऱ्या क्षणी त्यांचा चेहरा खुलला.

“हां, हां! वा!” ते म्हणाले. डोळे मिटले आणि मान डोलवायला लागले.

“आवडलं आण्णा?” विश्वानं विचारलं. आण्णा डोलत राहिले.

तेवढ्यात विश्वाचा मोबाइल वाजला. फोन आला की ब्लूटूथवरचं गाणं आपोआप थांबतं. कुणी मंडळवाला होता. विश्वा चरफडत मोबाइल कानाला लावून अंगणात गेला, आणि घरात सामसूम झाली. अंगणातलं त्याचं बोलणं तेवढं येत होतं, तारीख अजून पक्की न्हाई म्हणून.

आण्णांचे डोळे मिटलेले होते. तळवा पेटीवर होता. ते डोलत होते.

“काय सनई हाय!” ते म्हणाले. “वा!”

मी आईकडं बघितलं. आई आण्णांकडं बघत नव्हती. ती माझ्याकडं बघत होती, मला कळलं का ते बघत होती.

मी तिला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं.

“आई, आण्णांना ऐकू येत नाही?” मी कुजबुजले.

“कुजबुजतीस कशाला? त्यास्नी का कळनार हाय?” ती म्हणाली, आणि मग अंगणाच्या बाजूला बघून तिनंही आवाज खाली आणला. “इश्वाला तेवढं कळू देऊ नगंस. तुझ्या पाया पडते.”

“कधीपासून?”

“डावा कान तर कवाच गेला हुता. कर्ण्यांनीच खाल्ला, धंद्यात कुनाचा ऱ्हातोय? उजव्यावर भागत हुतं. त्या मिरवणुकीत दिसभर त्या भिंतीपुढं चालले. रात्री घरी आले तर म्हणाले, कानात शिट्टी वाजतीया. सकाळी मी चहा घ्या म्हणते, तर नुसतंच माझ्या तोंडाकडं बघाय लागले. मिरजंला दाखवलं, तुझ्या मामाकडं जातोय म्हणून सांगून. डाक्टर म्हणला, शीर गेली, आता मशीन लावून बी उपेग न्हाई.”

“मग विश्वाला सांगायला नको होतं?”

“शपथ घातली मला. म्हणाले, पोराचा पहिलाच सेट. त्याला कळलं तर तो खोकी जाळून टाकंल आन् जन्मभर माझ्या तोंडाकडं बघनार न्हाई.” आईनं पदरानं नाक पुसलं. “मग शिकले तोंड बघून वळखायला. न्हाई जमलं की आपनच बोलत बसायचं.”

मी भिंतीला टेकून उभी राहिले. विश्वाचा तो प्रश्न मला आठवला. आण्णा, कसं वाजलं? आण्णांनी त्याच्याकडं बघितलं होतं आणि उठून परसात गेले होते.

“आणि रेडिओ?” मी विचारलं.

“त्याची घरघर हाताला कळायची. गानं न्हाई का बातम्या न्हाईत, पर कायतरी चालू हाय एवढं कळायचं. सांजचं हात ठेवून बसले की मला म्हणायचे, एवढं एकच मशीन अजून माझ्याशी बोलतंय.” मला दुखवायचं तिच्या मनात नव्हतं, पण शब्द निघून गेलेच. “तू त्ये बी गप केलंस गं, जया.”

करायला गेले काय आणि उलटे झाले पाय. पण रडत बसायला वेळ नव्हता. विश्वा परत येऊन गाणं लावायच्या आत काय ते करायला हवं होतं. मी पिशवीतून पेचकस घेतला, बाहेर आले आणि रेडिओचा प्लग काढून त्याला पाठमोरा केला. आण्णांनी डोळे उघडले.

“काय झालं?”

“एक स्क्रू राहिलाय,” मी त्यांच्याकडं तोंड करून म्हटलं.

झाकण काढून मी गोधडी ओढायला लागले. सरस पक्का बसला होता, पट्ट्या फाटून हातात येत होत्या. आईच्या हिरव्या लुगड्याचा तुकडा, जांभळ्याचा तुकडा. आई ते गोळा करत होती. मग स्पीकरचे स्क्रू सोडले, रबराच्या चकत्या उपटून काढल्या, आणि स्पीकर पूर्वीसारखा लाकडाला थेट भिडवून आवळला. तेवढ्यात विश्वा आत आला.

“हे काय? ताई, सोन्यासारखं वाजत हुतं की!”

“थोडं बाकी होतं. लाव आता.” मी प्लग जोडला आणि बेसचं बटण होतं तेवढं सगळं फिरवलं.

सनई परत सुरू झाली, आणि मी केलेल्या सगळ्या कामाची माती झाली. पेटी घुमत होती, खडखडत होती. चौघड्याच्या पहिल्याच टोल्याला स्टुलावरचा तांब्या थरथरला.

आण्णांचा तळवा पेटीवर होता. ते खुर्चीत ताठ झाले. बोटं एकदम उचलली गेली, पोळल्यासारखी, आणि मग सावकाश परत टेकली. आणि चौघड्याबरोबर चालायला लागली. एक टोलाही चुकत नव्हता. ते डोलत नव्हते, वा म्हणत नव्हते. त्यांचं तोंड थोडं उघडं राहिलं होतं आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

“खडखडतंय गं,” विश्वा वैतागून म्हणाला. “मघाशी एवढं साफ... तू तर पार...”

तो थांबला. त्याची नजर आण्णांच्या बोटांवर गेली होती. विश्वाही स्पीकरवाल्याचाच पोरगा. शिडीवर चढून युनिटला हात लावायला त्यालाही आण्णांनीच शिकवलं होतं.

त्यानं मोबाइलवर गाणं थांबवलं. बोटं थांबली.

“का रं? बंद का केलंस?” आण्णा म्हणाले.

त्यानं परत लावलं. बोटं चालायला लागली. त्यानं आवाज अगदी शून्यावर आणला. बोटं थांबली. मी त्याचा हात धरायला गेले, पण तो आण्णांच्या खुर्चीमागं जाऊन उभा राहिला होता.

“आण्णा,” तो म्हणाला.

खुर्चीतल्या पाठीत काही हललं नाही.

“आण्णा!” तो ओरडला. आईनं तोंडात पदर कोंबला.

मग तो पुढं आला आणि गुडघ्यांवर बसला. आण्णांच्या डोळ्यांसमोर त्याचं तोंड आलं.

“कवापासनं?” त्यानं विचारलं.

आण्णांनी आईकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. स्टुलाखाली पडलेले गोधडीचे तुकडे त्यांना दिसले.

“वय झालं रं,” ते म्हणाले. “पंच्याहत्तरी झाली की आज.”

“मिरवणुकीपासनं ना?”

आण्णा पेटीकडं वळले. विश्वानं त्यांचे दोन्ही गुडघे धरले. “आण्णा, मिरवणुकीपासनं ना? माझ्या सेटनं ना?”

“तसं न्हवं. तसं न्हवं, लेकरा,” आण्णा म्हणाले, आणि त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. स्वतःचा आवाज केवढा येतोय हे त्यांना कळत नव्हतं, त्यामुळे कधी ते ओरडल्यासारखे बोलत, कधी शब्द घशातच राही. “एक कान माझ्याच कर्ण्यांनी न्हेला. दुसरा बी जायचाच हुता. त्या दिशी गेला एवढंच. त्यात तुझं काय न्हाई. आन् तू इचारलं हुतंस बघ दुसऱ्या दिशी, कसं वाजलं म्हणून. तेवढं मला तोंडावरनं कळलं हुतं. मला सांगायचं हुतं. पर बोललो असतो तर तू फुडचं काय तरी इचारलं असतंस, आन् मला त्ये कळलं नसतं. मग तुला समजलं असतं. म्हणून उठून गेलो.”

विश्वानं तोंड वर केलं.

“आता सांगतो,” आण्णा म्हणाले. “मी शेवटचं जे ऐकलं त्ये तुझंच ऐकलं. चांगलं वाजलं हुतं रं. लई चांगलं. माझ्या सगळ्या जन्मात मी तसं वाजवलं न्हाई.” मग त्यांच्यातला स्पीकरवाला जागा झाला. “बेस जरा जास्त हुता. बाकी एक नंबर.”

ज्या शब्दासाठी माझा भाऊ दोन वर्षं झुरत होता तो असा मिळाला. विश्वा उठला. त्यानं मोबाइलवर आवाज परत वाढवला, मोबाइल माझ्या हातात दिला आणि दाराकडं चालू लागला. उंबऱ्यापर्यंत गेला, पण उंबरा काही त्याला ओलांडवला नाही. तिथंच खाली बसला आणि दोन्ही हात डोक्यावर घेऊन मोठमोठ्यानं रडायला लागला. एवढा दांडगा माणूस असा हंबरडा फोडताना मी पहिल्यांदाच बघत होते. आई धावत त्याच्याजवळ गेली. समोरच्या घरातली माणसं अंगणाच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. सनई आणि चौघड्याच्या वर त्याचा आवाज चढत होता.

आण्णांची त्याच्याकडं पाठ होती. त्यांनी खुर्ची रेडिओकडं ओढून घेतली, आणि तळवा परत पेटीवर ठेवला. बोटं टोल्यांबरोबर चालू झाली. जरा वेळानं त्यांनी माझ्या हाताला हात लावून मला समोर यायला सांगितलं. मी डोळे पुसून त्यांच्या पुढ्यात बसले.

“इश्वा भाईर गेला न्हवं?” त्यांनी विचारलं.

मी त्यांच्या खांद्यावरून दाराकडं बघितलं.

“गेला,” मी म्हटलं.

“मी बोललो ते त्यानं नीट ऐकलं ना? त्याला काय वाटलं तर न्हाई?”

“नाही आण्णा,” मी एकेक शब्द सुटा करून, त्यांना दिसेल असा म्हटला. “त्याला काहीसुद्धा वाटलं नाही.”